पट्ट्यातला झटका की सहा फुटी जाळी?

प्रश्न : शिरूर तालुक्यात घोड नदीच्या बाजूला आमची २० गुंठे जागा आणि छोटं घर आहे. जागा ११० फूट रुंद, १९८ फूट लांब. जमीन काळी, दोन्ही अंगांना शेजाऱ्यांचा ऊस, समोर गावचा रस्ता. निवृत्तीनंतर आम्ही दोघं तिथंच राहतो. सोबत अडीच वर्षांचा कारवान जातीचा नर कुत्रा आणि एक गावठी मादी. सध्या पाच पदरी काटेरी तार आहे. कारवान ती उडी मारून ओलांडतो, मादी खालून उकरून निघते. मागच्या महिन्यात शेजाऱ्याच्या कोंबड्या मारल्या आणि बोलाचाली झाली. अमेरिकेतली मुलगी म्हणते, तिच्याकडे आहे तसं जमिनीत वायर पुरायचं कुंपण घेऊन येते, कुत्रा हद्दीजवळ गेला की पट्ट्यात झटका बसतो. शेजारी म्हणतो, उसाला लावलंय तसं झटका मशीन लावा. फॅब्रिकेटरने पूर्ण जागेच्या जाळीचा अंदाज दिला तो ऐकून घाम फुटला. साखळीनेच बांधून ठेवावं का? नेमकं काय करावं?

उत्तर : जाळीच करा. मात्र वीसच्या वीस गुंठ्यांना नको. तुमच्या जागेचा घेर ६१६ फूट भरतो. एवढ्या लांबीची जाळी पैशांत बसवायची म्हटली की फॅब्रिकेटर चार फुटी, पातळ तारेची, दहा-बारा फुटांवर खांब असलेली जाळी देतो, आणि ती काम करत नाही. त्यापेक्षा घराला लागून ८० बाय ६० फुटांचं आवार घ्या. घेर २८० फूट, म्हणजे निम्म्याहूनही कमी, आणि आत साडेचार गुंठ्यांना थोडी कमी जागा. तिथली जाळी उंच, जाड आणि खालून बंद अशी करा. उरलेल्या जागेला काटेरी तार आहे तशी राहू द्या, ती हद्दीसाठी ठीक आहे. फक्त आवाराजवळची काढून टाका. कारवानाची कातडी पातळ असते. धावत्या अंगाला काटा लागला तर ओरखडा पडत नाही, कातडी फाटते.

आता मुलीच्या सल्ल्याबद्दल. ती चुकीचं काही सांगत नाही, तिच्या जागी ते चालतं. ही पद्धत १९७० च्या दशकात अमेरिकेतच निघाली. तिथे बऱ्याच वसाहतींत समोरच्या हिरवळीला कुंपण घालायला वसाहतीचे नियमच आडवे येतात आणि रस्त्यावर मोकाट कुत्री जवळजवळ नसतात. कुत्रा आत राहिला की काम झालं. शिरूरमध्ये कुत्रा आत राहणं हे निम्मंच काम आहे. बाहेरचं आत येऊ नये, हे उरलेलं निम्मं. पट्टा तुमच्या कुत्र्याच्या गळ्यात असतो, गावातल्या मोकाट कुत्र्यांच्या नाही आणि बिबट्याच्याही नाही. बाहेरची टोळी बिनधास्त आत येणार आणि तुमच्या कुत्र्याला मात्र पळून जायची वाट बंद, कारण हद्दीवर झटका.

दुसरं कारण तुमच्या कारवानाचं. हा नजरेने शिकार करणारा कुत्रा. ससा, मांजर, कोंबडी उसातून निघाली की तो विचार करत नाही. पुरलेल्या वायरच्या दोन्ही अंगांना काही फुटांची जमीन ‘जिवंत’ असते. कुत्रा तिथे शिरला की आधी बीप वाजतो आणि तो पुढे गेलाच तर झटका बसतो. ही जमीन सहा फूट रुंद धरा. कारवानाचा वेग ताशी ५० किलोमीटर धरला तरी तो सेकंदाला चौदा मीटर कापतो. ती पार व्हायला त्याला सेकंदाचा सातवा भागही लागत नाही. बीप संपायच्या आत तो पलीकडे असतो. झटका बसला तरी त्या भरात जाणवत नाही. जाणवतो तो परत येताना, कारण आता तो दमलेला, शांत आणि चालत येणारा असतो. म्हणून अशी कुत्री बाहेर पडतात आणि मग घरी यायला घाबरतात. हद्दीपलीकडे बसून ओरडत राहतात.

तिसरी गोष्ट जास्त वाईट. झटका बसला त्या क्षणी कुत्र्याला समोर जे दिसतं, त्याच्याशी तो ती वेदना जोडतो. रस्त्यावरून शाळेचा मुलगा सायकलवर चालला होता आणि झटका बसला, तर कुत्र्याच्या हिशेबी दोष वायरचा नाही, सायकलवाल्याचा. आधी नुसता भुंकणारा कुत्रा मग चावायला धावतो. वेल्सने २०१० मध्ये असे झटक्याचे पट्टे बेकायदा ठरवले, त्यात हद्दीच्या वायरवर चालणारेही आले.

आणि आपल्याकडची व्यवहारातली अडचण. वायरमध्ये सिग्नल सोडणारा ट्रान्समीटर घरातल्या विजेवर चालतो. लोडशेडिंग झालं की कुंपण नाही. इन्व्हर्टरवर घेतलात तरी वळवाच्या विजा आहेतच: शेकडो फूट लांबीची जमिनीतली वायर कडाडत्या विजेचा दाब गोळा करून थेट ट्रान्समीटरमध्ये आणते आणि सर्किट जळू शकतं. वायर दोन-तीन इंचांवर पुरलेली असते. घूस कुरतडते, रोटाव्हेटर तोडतो, काळ्या मातीच्या उन्हाळी भेगा ताणून तोडतात. मोटरपंपाच्या केबलला समांतर गेली तर सिग्नल भलतीकडेच उमटतो. त्यासाठी किमान पाच फूट अंतर ठेवावं लागतं आणि केबल ओलांडायची तर काटकोनातच. तुटलेली जागा शोधायला अर्धा दिवस जातो, आणि तोवर कुत्र्याने ओळखलेलं असतं की आज बीप वाजत नाही. पट्ट्याची बॅटरी खास त्या कंपनीचीच असते, ती आपल्याकडे मिळेल का, हेही मुलीला विचारून ठेवा.

शिवाय पट्ट्याचे दोन धातूचे खिळे कातडीला टेकलेले असावे लागतात, नाहीतर झटका लागतच नाही. ते आठ-दहा तासांपेक्षा जास्त एका जागी राहिले की दाबाने जखम होते. कारवानाच्या आखूड केसांच्या, बारीक मानेवर ती लवकर होते. म्हणजे रात्री पट्टा काढायचा, आणि रात्रीच तुम्हाला कुंपण सर्वांत जास्त हवं.

वायर न पुरता घरातल्या यंत्राभोवती गोल हद्द आखणारा प्रकार तुमच्या जागेत बसत नाही. ११० फूट रुंदीत मोठ्यात मोठं वर्तुळ ५५ फूट त्रिज्येचं. त्यात पावणेनऊ गुंठे येतात, बाकी जागा वर्तुळाबाहेर. त्यात पत्र्याची शेड असली की वर्तुळही वाकडं होतं. जीपीएसच्या पट्ट्यावर हद्द आखता येते, पण जीपीएसची चूक काही मीटरची असते आणि झाडाखाली, पत्र्याखाली ती वाढते. तुमच्या रुंदीत ती परवडत नाही. झटका नसलेला जीपीएस ट्रॅकर मात्र जरूर घ्या. कारवान सुटला तर तो कुठल्या बांधावर आहे ते मोबाईलवर दिसेल. मुलीने आणायचंच तर ते आणू दे.

शेजाऱ्याचं झटका मशीन, म्हणजे कुंपणाच्या तारेत विजेचे ठोके सोडणारं यंत्र, ही वेगळी गोष्ट आहे. चांगलं मशीन साधारण सेकंदाला एक ठोका देतं, दाब हजारो व्होल्टचा पण ठोका अतिशय छोटा, म्हणून तो हिसका देतो, मारत नाही. घरातल्या विजेची तार थेट कुंपणाला जोडणं मात्र जीव घेणारं आणि बेकायदा आहे. दरवर्षी त्यात माणसंही जातात. कुणी ‘आमच्याकडे चालतंय’ म्हणालं तरी ऐकू नका. मशीन घेतलं तरी ते कुत्र्याचं एकमेव कुंपण म्हणून वापरू नका. दोन-तीन उघड्या तारांतून कुत्रा सहज घुसतो, मधोमध असताना ठोका बसला तर बिथरून पुढेच पळतो, आणि काटेरी तारेत प्रवाह सोडलेला असेल तर अडकून राहतो. काटेरी तारेत कधीही करंट सोडू नये. पावसाळ्यात गवत तारेला टेकलं की ठोका जमिनीत जातो, उन्हाळ्यात कोरड्या मातीत अर्थिंग बसत नाही, म्हणजे दोन्ही मोसमांत मशीन नुसतं टिकटिकतं. जाळी उभी राहिल्यानंतरही मादी चढायचं सोडत नसेल तर आतल्या बाजूने, जाळीपासून सहा इंच पुढे, इन्सुलेटरवर एकच तार असा त्याचा उपयोग होतो. पण तेव्हाच, आधी नाही.

आता जाळी. फॅब्रिकेटरला ‘चेनलिंक टाकून द्या’ एवढंच सांगू नका, तो टाकून देईल. पुढचं कागदावर लिहून द्या.

आखणी अशी करा. ८० आणि ६० फुटांच्या बाजू दोरीने धरा. कर्ण बरोबर १०० फूट भरला की कोपरा काटकोनात आहे. दोन्ही कर्ण मोजा. हद्दीच्या बांधावर उभारू नका, निदान दीड फूट आत घ्या. ऊसतोडणीचा ट्रॅक्टर वळला की खांब जातो आणि मग पुन्हा बोलाचाली. आवाराच्या आत किंवा जाळीला लागून विहीर येत असेल तर तिला आधी छातीइतका कठडा किंवा जाळीचं झाकण. धावता कारवान विहीर पाहून थांबेल, या भरवशावर राहू नका.

खांब ४० बाय ४० बाय ५ मिलिमीटरच्या लोखंडी अँगलचे घ्या. सिमेंटचे पोल स्वस्त पडतात, पण त्यांना पुढे सांगितलेला वरचा वाक देता येत नाही. अँगलचा २० फुटी नग मधोमध कापला की १० फुटांचे दोन खांब निघतात आणि हिशेब चपखल बसतो: अडीच फूट जमिनीत, सहा फूट सरळ वर, उरलेला दीड फूट आतल्या बाजूला ४५ अंशांत वाकवलेला. वाकवताना एका पाकळीला काप देऊन पुन्हा वेल्ड मारायला सांगा, नुसता ठोकून वाकवलेला अँगल तिथेच चिरतो. खांब आठ फुटांवर, म्हणजे ३५ खांब, १८ नग. चार कोपऱ्यांना दोन्ही बाजूंनी आणि गेटच्या खांबांना एकेक तिरका टेका, असे दहा टेके. एका नगात तीन टेके बसतात, त्यासाठी चार नग. माल घेताना वजन करून घ्या. ५ मिलिमीटरचा २० फुटी नग सुमारे १८ किलो भरतो. काट्यावर साडेचौदा दिसले तर तो ४ मिलिमीटरचा आहे, बिलावर काहीही लिहिलेलं असो.

काळ्या मातीत खांब कलतात ते खांब कच्चे म्हणून नाही. ही माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आक्रसून भेगाळते, आणि वरच्या थरातला प्रत्येक खड्डा दरवर्षी थोडा हलवते. म्हणून खड्डा मुरूम लागेपर्यंत न्या. तीन फुटांत मुरूम लागला तर उत्तम, मग खांब अर्धा फूट लांब कापा, फक्त तेव्हा एका नगात दोन खांब बसणार नाहीत, नग जास्त लागतील. नाही लागला तर अडीच फुटांवर तळ वरच्यापेक्षा रुंद करा, म्हणजे काँक्रीटचा पाय मातीत अडकून राहील. एक फूट बाय एक फूट बाय अडीच फूट खड्ड्याला १:२:४ चं (सिमेंट, वाळू, खडी) काँक्रीट धरलं तर ३५ खड्ड्यांना अडीच घनमीटर लागतं, म्हणजे सुमारे १६ गोण्या सिमेंट. वरचा माथा जमिनीपेक्षा दोन इंच उंच आणि चारी बाजूंना उतरता ठेवा. अँगल गंजतो तो नेहमी माती आणि हवा जिथे भेटतात त्याच दोन इंचांत. खड्डे डिसेंबर ते मे या काळात करा, चिखलात नको.

आणि इथे गडबड होतेच: सोमवारी काँक्रीट ओतलं की मंगळवारी जाळी ताणायला माणसं हजर. ताण पडला की ओल्या काँक्रीटमधले खांब आत झुकतात आणि मग कायमचे झुकलेले राहतात. सात दिवस पाणी मारा, मगच ताण. मजुरांचे हात मोकळे राहतात म्हणून घाई चालते, तेव्हा त्या आठवड्यात त्यांना गेटचं वेल्डिंग द्या.

जाळी दोन इंची चौकटीची, १० गेजची, म्हणजे तार सव्वातीन मिलिमीटर जाड. तीन इंची चौकट स्वस्त पडते, पण तिच्यात पंजा नीट बसतो आणि मादीला शिडी मिळते. दुकानात ‘१० गेज’ म्हणून २.६ मिलिमीटरची, म्हणजे खरं तर १२ गेजची, जाळी सर्रास देतात. व्हर्निअर (जाडी मोजायची पट्टी) लावून मोजा. प्लॅस्टिकचा थर असलेली हिरवी जाळी मोजताना थर खरवडून आतली तार मोजा, नाहीतर प्लॅस्टिकच्या जाडीचे पैसे लोखंडाच्या भावाने जातात. तुमच्या भागात खारी हवा नाही, चांगल्या गॅल्वनाइज्ड जाळीवर भागतं. कोकणात असतात तर थर असलेलीच घ्या म्हटलं असतं. सहा फूट उंचीची, ५० फुटी सहा बंडलं लागतील. जाळी तुमच्यासमोर विणून देणारे असतील तर लांबी हवी तेवढीच घ्या.

जाळी नुसती खांबांना बांधली तर वर्षभरात मधे पोट धरते. तिला धरायला ८ गेजच्या चार आडव्या तारा हव्यात: खाली जमिनीलगत, मधे, सहा फुटांवर आणि वाकवलेल्या हाताच्या टोकावर. २८० फुटांच्या चार फेऱ्या म्हणजे साधारण ३५ किलो तार. खालची तार कधीही वगळू देऊ नका. कुत्रा जाळीवर उडी मारण्याआधी खालून नाकाने उचलून पाहतो, आणि तार नसलेली जाळी सहा-आठ इंच सहज उचलली जाते. त्या फटीतून कारवान निघतो, त्याचं अंग तेवढंच असतं. वरच्या दीड फुटाच्या वाकाला १४ गेजची हलकी जाळी चालेल, तिथे वजन नको. हा वाक आतच हवा. बाहेर झुकवलेला वाक चोराला अडवतो, कुत्र्याला नाही. आतून वर पाहणाऱ्या कुत्र्याला उडीचा माथाच सापडत नाही आणि चढणारा कुत्रा छताखाली आल्यासारखा अडतो.

उकरण्याचा बंदोबस्त हा तुमच्या मादीचा खरा प्रश्न. गवंडी सांगेल, जाळीखाली सिमेंटचा पट्टा ओता. मुरमाड जमिनीत तो उत्तम. काळ्या मातीत तो पहिल्या दोन उन्हाळ्यांत तडकतो, तुकडे वर-खाली होतात आणि प्रत्येक तड्यापाशी उकरायला आयती जागा मिळते. त्याऐवजी जाळीचाच झालर-पदर टाका. दोन फूट रुंदीची १२ गेजची जाळी, आतल्या बाजूला जमिनीवर आडवी. तिची एक कड उभ्या जाळीच्या तळाला दर सहा इंचांवर बांधायची, दुसरी कड ८ मिलिमीटर सळईच्या यू आकाराच्या खिळ्यांनी दर दोन-तीन फुटांवर जमिनीत ठोकायची, वर तीन इंच मुरूम पसरायचा. कुत्रा उकरतो ते नेहमी कुंपणाच्या अगदी बुडाशी. तिथे नखाला तार लागते. दोन फूट मागे सरकून मग भुयार खणायचं, हे त्याला सुचत नाही. माती हलली, भेगाळली तरी जाळी तिच्यासोबत वाकते, फुटत नाही. पावसाचं पाणी आवारातून बाहेर जातं तिथे मात्र झालर वाहून उघडी पडते. त्या जागी पाइप टाका आणि तोंडाला दोन इंच अंतराच्या सळ्यांची जाळी बसवा. पहिल्या मोठ्या पावसानंतर पूर्ण घेर चालत पाहा, पायाने दाबत दाबत.

गेटबद्दल थोडं सविस्तर, कारण चांगली जाळी असलेल्या घरांतून कुत्री सुटतात ती इथूनच. गडी दूध घेऊन येतो, दोन्ही हात भरलेले, गेट पायाने ढकलून आत येतो आणि ते तसंच राहतं. यावर त्याला ओरडून उपयोग नाही. दोन गेट करा. जाळीत एक, आणि त्याच्या आत चार बाय सहा फुटांचा पिंजऱ्यासारखा कप्पा घेऊन दुसरं. पहिलं बंद झाल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही. दोन्ही तीन फूट रुंद, दोन्ही आतल्या बाजूला उघडणारी, म्हणजे कुत्र्याने ढुशी दिली तर गेट बंदच होतं. स्प्रिंगचा बिजागरा लावा, आपोआप मिटेल. कडी साडेचार फुटांच्या वर, आणि नुसती सरकणारी नको, पडून अडकणारी हवी. उभा कुत्रा पंजाने सरकती कडी उघडायला शिकतो. गेटच्या खाली फट दोन इंचांपेक्षा जास्त नसावी आणि तिथे काँक्रीटचा उंबरा हवाच. हा एवढा तुकडा काळ्या मातीतही ओतावा लागतो, तडकला तर दुरुस्त करायचा. गाडी आवारात न्यायचीच नाही, ती उरलेल्या पंधरा गुंठ्यांत उभी राहू दे. मोठं गेट म्हणजे मोठी फट.

जाळीपासून पाच फुटांच्या आत पाण्याची टाकी, लाकडांचा ढीग, शेणखताचा उकिरडा, विटांची थप्पी, काही नको. सहा फुटी जाळी दोन फुटी थप्पीशेजारी चार फुटी होते. रस्त्याकडच्या बाजूला खालचे चार फूट हिरवं शेडनेट बांधा. समोरून जाणारं काही दिसलं नाही की कारवानाची जाळीलगतची पळापळ निम्मी कमी होते. पूर्ण सहा फूट नेट मात्र लावू नका, वादळी वाऱ्यात ते शिडासारखं फुगतं आणि खांबांना ओढतं.

आता रात्र. सहा फुटी जाळी बिबट्याला अडवत नाही, अँगलच्या वाकासकट तो ती पार करतो. शेजारी ऊस आहे म्हणजे बिबट्या आहे असंच धरून चाला. जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर हा सगळा पट्टा त्याचाच. नगर जिल्ह्यातल्या अकोले भागातल्या उसाच्या पट्ट्यात बिबट्यांच्या आहाराचा अभ्यास झाला, तेव्हा त्यांच्या खाण्यात वजनाने सर्वांत मोठा वाटा, ३९ टक्के, पाळीव आणि गावातल्या कुत्र्यांचा निघाला. म्हणून अंधार पडायच्या आत दोघांनाही बंद खोलीत किंवा छत असलेल्या खुराड्यात घ्यायचं, रोज, अपवाद नाही. खुराडं घराच्या भिंतीला चिकटून, आठ बाय सहा फुटांचं, सहा फूट उंच. खालचे तीन फूट विटांची भिंत, म्हणजे आत झोपलेला कुत्रा बाहेरून दिसत नाही आणि पंजा पोचत नाही. वर १० गेजची वेल्डमेश, छतालाही तीच जाळी आणि तिच्यावर पत्रा. नुसता पत्रा नको, तो उचकटतो. फरशी पक्की, बाहेर उतार असलेली. दाराला आडणा आणि कुलूप. बाहेर एक दिवा. बिबट्या दिसला, किंवा ठसे दिसले, तर वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा. फटाके वाजवत मागे धावू नका.

साखळीचं विचारलंत. ओट्यावर साखळीने बांधलेला कुत्रा म्हणजे बिबट्याला वाढून ठेवलेलं ताट. दिवसाही ते टाळा. सतत बांधलेला कुत्रा चिडका होतो, आणि १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ नुसार जनावराला अवाजवी वेळ आखूड किंवा जड साखळीला बांधून ठेवणं हा गुन्हा आहे. सदैव बांधलेल्या किंवा कोंडलेल्या कुत्र्याला पुरेसं फिरवलं नाही, तर तोही. उलट बाजूने, तुमचा कुत्रा मोकाट सुटून कुणाच्या जिवाला धोका किंवा गंभीर इजा होण्याची शक्यता असताना निष्काळजीपणा केलात तर भारतीय न्याय संहितेचं कलम २९१ लागतं: सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. कोंबड्यांचे पैसे शेजाऱ्याला अजून दिले नसतील तर जाळीच्या आधी ते देऊन टाका. ऊस त्याचा, बांध सामाईक, ट्रॅक्टर त्याचाच फिरणार.

जाळी उभी राहीपर्यंतचा महिना-दीड महिना दोघांनाही दोरीशिवाय बाहेर काढू नका. कारवानाचं डोकं मानेपेक्षा फारसं रुंद नसतं, साधा पट्टा तो मागे सरकून सहज काढतो. ओढला की आवळणारा, पण ठरावीक मापापलीकडे न आवळणारा रुंद कापडी मार्टिंगेल पट्टा घ्या. पूर्ण ताणला तरी मानेच्या आणि पट्ट्याच्या मधे दोन बोटं जावीत. त्यावर मोबाईल नंबर कोरलेला बिल्ला. रेबीजची लस दोघांचीही वेळेवर आहे का पाहा, जाळीतूनही मोकाट कुत्र्याच्या नाकाला नाक लागतंच.

आणि एक काम जाळीहून स्वस्त: दोघांची नसबंदी झाली नसेल तर करून घ्या. मादी माजावर आली की साधारण तीन आठवडे गावातली नरांची टोळी जाळीबाहेर तळ ठोकते, बाहेरून उकरते, आणि तुमची झालर आतल्या बाजूला आहे. तोवर माज आलाच तर ते तीन आठवडे मादीला खोलीतच ठेवा, शौचाला दोरीवर न्या. नराची भटकंतीही शस्त्रक्रियेनंतर बरीच उतरते. शिकारीची ओढ मात्र उतरत नाही, त्यासाठी पळायला हवं. ८० फुटांच्या आवारात कारवानाचा पूर्ण वेग लागतच नाही, तो वेग घ्यायच्या आत त्याला वळावं लागतं. सकाळी ऊन चढायच्या आत आणि संध्याकाळी दिवेलागणीच्या बऱ्याच आधी, दोन्ही वेळा तास-तासभर त्याला बाहेर न्या, ३० फुटी दोरावर, आणि दोर हाताला गुंडाळू नका. ससा निघाला तर मनगट जाईल.